कट्टा वाढवायचा, पण कसा?

चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील गोल स्टुडंट सेंटर पाहून मनात आलेले काही विचार. मुलामुलींना परगावी शिकायला पाठवणाऱ्या आईवडिलांनी ते जरूर वाचावेत.

“अगं, इथे तर सगळी मुले नुसती बसलेलीच दिसतात. अभ्यास कधी करत असतील?”

ताईने माझ्या कानाशी येऊन विचारले. आम्ही दोघी चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात एका गोल इमारतीसमोर उभ्या होतो. ताई म्हणजे माझी मावसबहीण, राहणार नाशिकची. तिच्या मुलीला इथे एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. लेकीला वसतिगृहात सोडायला ताई निघाली आणि सोबत म्हणून मीही निघाले. सामान खोलीवर टाकून झाले, शुल्काच्या पावत्या झाल्या. मग भाची आम्हाला म्हणाली, “चल मावशी, तुला स्टू-सी दाखवते.”

स्टू-सी म्हणजे स्टुडंट सेंटर. इथल्या मुलांच्या तोंडी हे लाडके नाव इतके रुळले आहे की पूर्ण नाव कुणी घेतच नाही. इमारत गोल, जणू एखादी भलीमोठी चुडी उभी करून ठेवावी तशी. तिला वळसा घालून वर चढत जाणारा उताराचा रस्ता. आजूबाजूला चहा, पराठे, झेरॉक्स. पायऱ्यांवर, कठड्यांवर, झाडांखाली मुलेमुली बसलेली. कुणी वही उघडून काही समजावून सांगत होते, कुणी हातात पत्रके घेऊन फिरत होते, तर कुणी काहीच करत नव्हते.

या “काहीच न करणाऱ्यां”मुळेच ताई चिंतेत पडली होती. मला मात्र ही इमारत पाहून माझ्या कॉलेजची आठवण झाली, आणि ती आठवण काही फारशी गोड नाही. ती पुढे सांगतेच. आधी ही जागा काय आहे ते पाहू.

लाहोरहून निघालेले विद्यापीठ

पंजाब विद्यापीठाचा जन्म चंडीगडचा नव्हे. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन विद्यापीठांची स्थापना १८५७ साली झाली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, म्हणजे १८८२ मध्ये, लाहोरला हे विद्यापीठ सुरू झाले. १९४७ ला फाळणी झाली आणि विद्यापीठाचेही दोन तुकडे झाले. भारतात आलेल्या विद्यापीठाला ना इमारत होती, ना ग्रंथालय. कार्यालय सोलनच्या डोंगरात, तर शिकवण्याचे विभाग होशियारपूर, जालंधर, दिल्ली असे गावोगावी विखुरलेले. निर्वासित कुटुंबाची जी परवड होते, तीच एका विद्यापीठाची झाली.

पंजाबसाठी नवी राजधानी वसवायची ठरली आणि चंडीगड उभे राहिले. त्यात सेक्टर १४ विद्यापीठाला मिळाला. शहराची आखणी फ्रेंच वास्तुकार ल कॉर्बुझिए यांची हे बहुतेकांना ठाऊक असते. विद्यापीठावर मात्र त्यांच्या चुलतभावाचा, पिएर जानरे यांचा हात अधिक फिरला आहे. पाण्यात उमललेल्या कमळासारखे दिसणारे गांधी भवन हे त्यांचेच काम. जानरे १९६५ पर्यंत चंडीगडला राहिले. १९६७ मध्ये ते परदेशात वारले, पण त्यांच्या अस्थी त्यांच्या इच्छेप्रमाणे इथल्या सुखना तलावात सोडल्या गेल्या. इतका या माणसाचा या गावावर जीव होता.

या परदेशी मंडळींबरोबर तरुण भारतीय वास्तुकारांचा एक चमू काम करत होता. त्या यादीत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही दोन नावे आली की मराठी वाचक जरा थबकतोच. त्याच यादीत भानुप्रताप माथुर हेही नाव आहे. विद्यापीठाच्या इमारतींमध्ये जानरे यांच्यासोबत राबलेले हे वास्तुकार. आपले गोल स्टुडंट सेंटर माथुरांच्याच हातचे.

इंडियन कॉफी हाऊसचे नावही या जागेशी वर्षानुवर्षे जोडलेले आहे. कॉफी हाऊसची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. कॉफी बोर्डाने आपली उपाहारगृहे बंद करायला घेतली, तेव्हा नोकरी गेलेल्या कामगारांनी १९५७ पासून ठिकठिकाणी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. फेटेवाले वेटर, स्वस्त कॉफी आणि “उठा आता” असे कुणी न म्हणणे ही त्यांची ओळख. एका कपावर दोन तास बसता येईल अशी जागा विद्यार्थ्यांना आणखी कोण देणार?

“बसणे” हेही काम आहे

ताईच्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. ते पुढे तिच्या लेकीनेच दिले.

पहिले पंधरा दिवस पोरगी रोज रात्री फोनवर रडायची. पंजाबी कळत नाही, हिंदी बोलले की मुली हसतात, मेसमधली काळी डाळ रोज रोज जात नाही, प्रयोगशाळेत जोडीला कुणी नाही. ताई तर परतीचे तिकीट काढायला निघाली होती. मग एके दिवशी फोनवर रडणे नव्हते. स्टू-सीच्या पायरीवर एकटी बसली असताना शेजारी हिमाचलची एक मुलगी येऊन बसली होती. तिलाही पंजाबी येत नव्हते. दोघींनी मिळून एक चहा घेतला, कारण सुट्टे पैसे तेवढेच होते. त्या दिवसापासून भाचीचे पाय चंडीगडला टिकले.

वर्गात मैत्री होत नाही असे नाही. पण वर्गात आपला विषय, आपली तुकडी, आपले बाक ठरलेले असते. कायद्याच्या मुलाला रसायनशास्त्राची मुलगी वर्गात भेटणार नाही. वसतिगृहे तर मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. सगळ्या विभागांची, सगळ्या गावांची मुले जिथे काही कारण नसताना एकमेकांना दिसतात, अशी जागा एकच असते. मराठीत आपण तिला “कट्टा” म्हणतो. कुठे वडाचा पार असतो, कुठे कॅन्टीनबाहेरची भिंत, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात नदीकाठचा बोट क्लब. कट्ट्याला कुणी नापास झाल्याची लाज नसते, आणि तिथे बसायला पावती फाडावी लागत नाही.

परदेशात ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिजला विद्यार्थ्यांचे वादविवाद मंडळ १८१५ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९६ मध्ये खास विद्यार्थ्यांसाठी ह्यूस्टन हॉल ही इमारत उघडली. ती तिथली अशा प्रकारची पहिली इमारत मानली जाते. म्हणजे मुलांना शिकवायला जशी खोली लागते, तशी त्यांना आपापसांत शिकायलाही लागते, हे शहाण्या माणसांना शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते.

माझ्या कॉलेजच्या कट्ट्याचे काय झाले

आता ती न गोड आठवण.

माझे कॉलेज जिल्ह्याच्या गावातले. कॅन्टीनसमोर कडुनिंब आणि त्याला दगडी पार. पावसाळ्यात पारावर शेवाळ धरायचे, उन्हाळ्यात वरून निंबोळ्या पडायच्या. पाण्याची टाकी गळकी, मुलींचे स्वच्छतागृह लांब, आणि तेही धड नाही. आम्ही मुलींनीच अर्ज दिला होता, की इथे काहीतरी सुधारणा करा.

सुधारणा झाली! वर्षभर पत्रे ठोकून जागा बंद ठेवली. पत्रे निघाले तेव्हा पार गेला होता. तिथे गाड्या लावायला फरशी घातली होती आणि पलीकडे “विद्यार्थी भवन” उभे होते. आत चकचकीत फरशी, काचेचे दार, रांगेत मांडलेल्या खुर्च्या. किल्ली कार्यालयात. भवन वापरायचे तर दोन दिवस आधी अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही. पाहुणे आले की दार उघडायचे, एरवी काचेतून आत बघायचे.

त्यानंतर मुले फाटकाबाहेरच्या टपरीवर गेली आणि मुली घरी गेल्या. आमचे भित्तिपत्रक बंद पडले, कारण ते काढण्यासाठी कुणी एकत्र बसेना. पैसे खर्च झाले, उद्घाटन झाले, फोटो छापून आले. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. फक्त ती जागा कशासाठी वापरली जाते हे पाहायला कुणी दुपारी चार वाजता पारावर येऊन बसले नव्हते.

म्हणून कुठल्याही विद्यापीठात “विद्यार्थी केंद्राचे विस्तारीकरण व नूतनीकरण” असा फलक लागला की माझ्या पोटात गोळा येतो.

गोल इमारत वाढवणार कशी?

चंडीगडची गोष्ट आणखी अवघड आहे. चौकोनी इमारतीला मागून दोन खोल्या काढता येतात. आपल्याकडे घरे अशीच वाढतात. पण गोल इमारतीला खोली जोडणे म्हणजे भाकरीला कडेने तुकडा चिकटवण्यासारखे आहे. गोलाई जाते आणि तुकडाही उपरा दिसतो. वर मजला चढवावा, तर खालचे खांब आणि पाया तेवढ्या वजनासाठी धरलेले नसतात. शिवाय चंडीगड हिमालयाच्या पायथ्याशी, भूकंपाचा धोका असलेल्या पट्ट्यात आहे. तिथे जुन्या इमारतीवर ओझे टाकण्याआधी दहादा विचार करायला हवा.

दुसरी अडचण वारशाची. चंडीगडमधील सरकारी इमारतींच्या कॅपिटॉल संकुलाला २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. शहरातील आणि विद्यापीठातील अनेक इमारतींनाही वारसा म्हणून जपण्याचे बंधन आहे. ल कॉर्बुझिए यांनी या शहरासाठी एक आज्ञापत्रच लिहून ठेवले आहे. काँक्रीट, वीट, दगड हे जसे असतील तसे दिसू द्यावेत, शहरात व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे इथे उद्या कुणी उठून गोल इमारतीला निळ्या काचा आणि चंदेरी पत्रे लावू म्हटले, तर ते चालायचे नाही, आणि चालू नये.

मग वाढत्या विद्यार्थ्यांनी करायचे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर इमारतीच्या बाहेर आहे. स्टू-सीचा खरा कट्टा आत नाहीच, तो सभोवारच्या मोकळ्या जागेत आहे. चंडीगडचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि थंडीत धुके उतरते. तेव्हा त्या मोकळ्या जागेत झाडांची सावली वाढवली, ऊन-पाऊस अडेल असे हलके छप्पर वेगळे उभे केले, बसायला दगडी ओटे घातले, रात्री नीट उजेड केला, तर इमारतीच्या एका विटेलाही हात न लावता कट्टा दुप्पट होतो. आपल्या घरी पाहुणे वाढले की आपण भिंत पाडत नाही, अंगणात मांडव घालतो.

दुसरे उत्तर म्हणजे दुसरा कट्टा. विद्यापीठ आता सेक्टर १४ मध्ये मावत नाही. शेजारच्या सेक्टर २५ मध्ये त्याचा दक्षिण परिसर आहे. अभियांत्रिकी आणि दंतवैद्यक शिकणारी मुले तिकडे असतात. चंडीगडचा एक सेक्टर म्हणजे साधारण आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब. मधल्या सुट्टीत एवढे अंतर तोडून स्टू-सीला यायचे आणि परत जायचे, तर सुट्टी रस्त्यातच संपते. अशा मुलांसाठी तिकडेच छोटे केंद्र हवे. एकच केंद्र फुगवत नेण्यापेक्षा चालत जाण्याजोग्या अंतरावर दोन केंद्रे केव्हाही बरी.

भंगारात गेलेल्या खुर्च्या

नूतनीकरण म्हटले की पहिला बळी जुन्या सामानाचा जातो. या बाबतीत चंडीगडने जो धडा घेतला आहे, तो साऱ्या देशाने घ्यावा असा आहे.

शहर उभे राहत होते तेव्हा कार्यालये, ग्रंथालये, वसतिगृहे यांसाठी हजारोंनी टेबलखुर्च्या लागणार होत्या. जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे नमुने तयार केले. सागवानी लाकूड, वेताची बैठक आणि उलट्या व्ही अक्षरासारखे पाय. स्थानिक सुतारांनी त्या बनवल्या. पुढे वेत तुटला, पाय डुगडुगू लागले. नव्या लोखंडी आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. जुन्या खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली रचून ठेवल्या गेल्या आणि मग भंगार म्हणून लिलावात किरकोळ भावाने निघाल्या.

त्या भंगाराची पारख परदेशी व्यापाऱ्यांना झाली. त्यांनी खुर्च्या नेल्या, वेत नव्याने विणला, लाकूड पुसले आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्या लाखो रुपयांना विकल्या. आपल्याकडे जाग आली तोवर बरेच काही गेले होते. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा फर्निचरची विक्री करण्यास मनाई केली.

यातून शिकायचे एवढेच, की कंत्राटदाराला “जुने सगळे काढून टाका” असे सांगण्याआधी कुणीतरी जाणकाराने वही घेऊन एक फेरी मारावी. काय दुरुस्त होईल, काय ठेवायचे आणि काय खरोखरच टाकायचे याची यादी करावी. घर रंगवायला काढताना आपण आजीचा पितळी डबा आधी बाजूला काढून ठेवतो, तशीच ही खबरदारी.

रंगाखाली लपलेला आजार

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. काँक्रीट म्हणजे कायमचे, असा आपला समज असतो. तसे ते नाही. काँक्रीटच्या आतली लोखंडी सळई सिमेंटच्या गुणामुळे गंजापासून सुरक्षित राहते. पण वर्षांमागून वर्षे हवा आत शिरते, सिमेंटचा तो गुण ओसरतो. त्यात गच्चीवरून किंवा नळाच्या सांध्यातून पाणी झिरपले की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येते. छताचे पोपडे पडतात ते यामुळे.

अशा वेळी सोपा उपाय म्हणजे वरून गिलावा थापणे आणि रंग मारणे. उद्घाटनाच्या दिवशी सगळे झकास दिसते आणि तिसऱ्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे. खरा उपाय आधी पाणी कुठून येते ते शोधणे, मग कुजका भाग काढणे, सळई साफ करणे किंवा बदलणे आणि जुन्याशी जुळेल असे काँक्रीट भरणे. याला वेळ लागतो, आणि यात फोटो काढण्यासारखे काही नसते.

विद्यापीठाला याचा वस्तुपाठ दूर शोधायला नको. गांधी भवनाच्या जतनासाठी अमेरिकेतील गेटी फाउंडेशनने २०१५ साली अनुदान दिले. ते आधी अभ्यासासाठी होते. इमारतीची तब्येत तपासायची, तिला काय झाले आहे ते समजून घ्यायचे, जतनाचा आराखडा करायचा आणि मगच हातोडा उचलायचा. डॉक्टर तपासल्यावाचून शस्त्रक्रिया करत नाहीत, तसेच हे आहे. शेजारच्या गोल इमारतीलाही हाच नियम लावावा.

आणि दुरुस्तीच्या यादीत सर्वांत वर काय असावे? पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, उजेड आणि उताराचा रस्ता. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढायला किमान बारा फूट लांबीचा उतार हवा, असे माप त्यासाठी सांगितले जाते. स्टू-सीला उताराचा रस्ता आहे ही भाग्याची गोष्ट. तिथे मोजपट्टी घेऊन जावे, कठडा आणि फरशी तपासावी, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला कुणाच्या आधाराशिवाय मित्रांपर्यंत पोचता येते का ते त्यालाच विचारावे. त्याला पोचता येत नसेल, तर बाकीच्या नव्या फरश्यांना काय अर्थ?

मुलींना संध्याकाळ हवी

कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात हार्ट हाऊस नावाचे भव्य विद्यार्थी केंद्र आहे. १९१९ मध्ये ते उघडले. वाचनालय, रंगमंच, पोहण्याचा तलाव, सारे काही त्यात होते. पण विद्यार्थिनींना त्याचे सदस्य होता येत नव्हते. ते दार त्यांच्यासाठी १९७२ मध्ये उघडले. तब्बल ५३ वर्षे “विद्यार्थी” या शब्दात मुली धरल्याच नव्हत्या.

आपल्याकडे अशी पाटी कुणी लावत नाही. पण संध्याकाळी सातनंतर कट्ट्यावर किती मुली दिसतात ते मोजून पाहा. वसतिगृहाची वेळ, रस्त्यावरचा अंधार आणि बंद स्वच्छतागृह या तीन गोष्टी पाटीचेच काम करतात. पंजाब विद्यापीठात २०१८ मध्ये कनुप्रिया ही विद्यार्थी परिषदेची पहिली महिला अध्यक्ष झाली. त्याच वर्षी मुलींच्या वसतिगृहांना वेळेचे कुलूप नको म्हणून विद्यार्थिनींनी कित्येक आठवडे धरणे धरले, आणि डिसेंबरमध्ये विद्यापीठाने त्यांची मागणी मान्य केली.

या बातमीवर ताईचे आणि माझे वाजले होते. “रात्री बाहेर हिंडायला कशाला हवे?” ती म्हणाली. मी म्हटले, “ताई, ग्रंथालयातून रात्री नऊला निघालेल्या मुलीने जेवायचे कुठे?” ती गप्प बसली, पण पटले असे काही म्हणाली नाही. आईची काळजी खोटी नसते. मात्र त्या काळजीवर उपाय कुलपाचा करायचा की दिव्यांचा, एवढाच प्रश्न आहे. विद्यार्थी केंद्राच्या विस्ताराचा पहिला रुपया वसतिगृहापासून केंद्रापर्यंतच्या वाटेवरच्या दिव्यांवर खर्च झाला, तर अर्ध्या आयांची झोप परत येईल.

दुकाने किती, बाके किती?

विस्तार म्हटला की पैसा लागतो, आणि पैसा म्हटला की दुकानांचे भाडे आठवते. दुकाने असायला हरकत नाही. झेरॉक्स, वह्या, चहा हे मुलांना हवेच असते. पण हळूहळू बाकाच्या जागी टेबल येते, आणि टेबलावर बसायचे तर काहीतरी मागवावे लागते. ज्याच्या खिशात महिन्याच्या शेवटी वीस रुपये उरले आहेत, त्याची तिथे पंचाईत होते. म्हणून नव्या आराखड्याकडे पाहताना एक साधा हिशेब करावा. काही विकत न घेता बसता येईल अशा जागा आधी किती होत्या, आणि नंतर किती असतील? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल, तर तो विस्तार कुणाचा झाला हे समजून घ्यावे.

हा हिशेब मागणार कोण? विद्यार्थीच. चंडीगडला विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका होतात. त्या दिवसांत स्टू-सीला जत्रेचे रूप येते. लिंगडोह समितीने २००६ मध्ये उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा सुचवली. ती किती पाळली जाते हा वेगळा विषय. पण निवडून आलेला प्रतिनिधी कुलगुरूंसमोर बसून “बाके का काढली?” असे विचारू शकतो. महाराष्ट्रात हाणामाऱ्यांना कंटाळून १९९४ च्या कायद्याने थेट निवडणुका थांबवल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा झाली. आमच्या कॉलेजात पार पाडला तेव्हा प्रश्न विचारायला आमचा असा कुणी निवडलेला माणूस नव्हता, हे मी विसरू शकत नाही.

काम सुरू करण्याची वेळही विद्यार्थ्यांना विचारूनच ठरवावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवढे उरकेल तेवढे उरकावे. बाकीचे अर्धे-अर्धे करून घ्यावे, म्हणजे एक बाजू बंद असताना दुसरी चालू राहील. कट्टा सलग दोन वर्षे बंद राहिला, तर एम.ए., एम.एस्सी.ची एक अख्खी पिढी त्याला न पाहताच निघून जाते. मग नवी मुले येतात, तेव्हा तिथे बसायचे असते हे सांगणारेच कुणी उरत नाही.

परवा ताईचा फोन आला होता. भाचीची परीक्षा जवळ आली आहे. थंडी मी म्हणते आहे, दुपारी कोवळे ऊन पडले की मुली पुस्तके घेऊन स्टू-सीच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात. ताई सांगत होती, “आता रोज रात्री मीच तिला विचारते, आज कट्ट्यावर गेली होतीस का? नाही म्हणाली की मला करमत नाही. वाटते, खोलीत एकटीच कुढत बसली असेल.”

“आणि अभ्यास कधी करते, असे नाही विचारत?” मी चिडवले.

“तेही तिथेच बसून करतात गं त्या,” ताई म्हणाली.